शिवण, बिजा, सागवान

दिवाळीच्या पणत्या विझल्या की आमच्याकडे मंडया सुरू होतात. आज ह्या गावची, उद्या पलीकडच्या गावची. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान अजून बांध्यांत, बांध घातलेल्या तुकड्यांत, उभं असतं. मधल्या उसंतीत माणसं एकमेकांकडे पाहुणी जातात, दंडारीचं नाटक बघतात, जिलेबी खातात आणि एकमेकांची लग्नाची पोरं-पोरी नजरेखालून घालतात. बाहेरच्याला ही जत्रा वाटते. जत्रा कसली, तो बाजार असतो. गुरं एका दावणीला बांधलेली असतात, आम्ही दुसरीला.

परवाच्या मंडईत कुठलीशी ऑर्केस्ट्रा पार्टी आली होती. गिटारवाला तरणा गडी, त्याची गिटार लाल, टोमॅटोसारखी चकचकीत. मी जवळ जाऊन बघत उभा राहिलो, तर म्हणाला, "काका, बॉडी महोगनीची आहे. त्यानं टोन कसा भरून येतो बघा. हलक्या लाकडाला ही मजा नाही."

मी मान डोलावली. इतक्या जोरात डोलावली की शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मला दंडाला धरलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. चक्कर आलीच होती, फक्त ती साठ वर्षं जुनी होती.

तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. नवे पैसे नुकतेच आले होते आणि दुकानदार त्यांच्याकडे खोट्या नाण्याकडे बघावं तसे बघत. आमचं गाव तिरोड्याच्या अलीकडे. आता त्या बाजूला पाहिलं की विजेच्या कारखान्याच्या चिमण्या दिसतात. तेव्हा गावात विजेचा दिवा पाहिलेली माणसं असतील-नसतील. मी मात्र गोंदियात राहायचो, एका नातेवाइकाच्या लाकूड डेपोत. आरा मशीन दिवसभर किंचाळायचं, भुसा नाकातोंडात जायचा, आणि नाकात भुसा गेला म्हणून डोक्यात लाकडाचं ज्ञान गेलं असा माझा ठाम समज झाला होता.

डेपोसमोर रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. तिथे माझा मावसभाऊ टेकराम कामाला. फार कमी बोलणारा, बोटं कथिलाच्या डागण्यांनी काळी पडलेली. त्या दुकानातल्या रेडिओवर एका दुपारी मी पहिल्यांदा ती गिटार ऐकली, मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवतात ती. एक सूर दुसऱ्या सुराकडे चालत जात नव्हता, घसरत जात होता. अंगावर काटा आला. मी तिथल्या तिथे ठरवलं, आपण हे वाजवायचं. टेकराम म्हणाला, "बनवून पाहू." एवढंच.

आणि त्यानं बनवली. चुंबकावर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळली. रेल्वेच्या भंगारातून एक जाड लोखंडी पट्टी आणली, तिच्यावर एका टोकाला खुंट्या, दुसऱ्या टोकाला तारा अडकवायची खाच आणि मध्ये ते चुंबक बसवलं. तारा कलकत्त्याहून एका ओळखीच्या गार्डाबरोबर आल्या. ती पट्टी चार स्क्रूंनी कुठल्याही फळीवर बसायची, काढून दुसऱ्या फळीवरही बसायची. फळी मी निवडायची. म्हणजे सगळं काम त्यानं केलं आणि मत मी दिलं. अशी वाटणी मला जन्मभर मानवली आहे.

मत एकदा द्यायला लागलं की थांबता येत नाही. पहिली फळी सागवानाची, डेपोतल्या मोडक्या दाराची. दुसरी बिजाची, एका खाचराच्या, म्हणजे लहान बैलगाडीच्या, तळाची. तिचा भुसा पाण्यात पडला की पाणी चहासारखं व्हायचं. तिसरी शिवणाची. तिची कथा जरा लाजिरवाणी आहे. शिवण हलकी, मऊ, मृदंगाची खोडं तिचीच करतात, म्हणून मला शिवणच हवी होती, आणि पुरती वाळलेली हवी होती. आमच्या गोठ्यात बैलांना कोंडा-मीठ घालायची लाकडी डोणी होती. आजोबांच्या काळची, शिवणाच्या एकाच खोडातून कोरलेली. मी तिचं बूड कापून आणलं. बाबूजी त्या दिवशी शेतावर होते. संध्याकाळी बैल डोणीपाशी गेले, त्यांनी आत तोंड घातलं, आणि कोंडा खालच्या शेणात पडलेला पाहून माझ्याकडे असं पाहिलं की तसं आजवर एकाही नातेवाइकानं पाहिलेलं नाही.

बाबूजींनी मात्र शांतपणे शेजाऱ्याला सांगितलं, "जेवाले बसाचा पाट असते ना, तो ह्यानं मांडीवर घेतला गा. आता जेवाले काय डोक्यावर बसंल कोन जाने."

ती फळी कितीही घासली तरी तिला कोंड्याचा वास यायचा. दमट हवेत तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरायचा. एकदा अंगणात वाजवत बसलो होतो तर वासरू मागून आलं आणि मन लावून चाटायला लागलं. माझ्या संगीताला मिळालेली ती एकमेव निखळ दाद.

पण काय दिवस होते ते! थंडी नुकती सुरू झालेली. सकाळी डेपोतल्या ओंडक्यांवर दव बसायचं आणि ऊन चढलं की सगळ्या आवाराला ओल्या सालीचा आंबूस वास सुटायचा. मी फळीचा कोपरा दातांत धरून तार छेडायचो. दातांतून थेट कवटीत आवाज जायचा. सागवान घुमायचं, जाड्या माणसानं पोटातून हुंकार द्यावा तसं. बिजा टणक, ताठ, हवालदारासारखी. शिवण उघडी, सैल, लगेच हसणारी आणि लगेच विसरणारी. हे खरं होतं. तीन लाकडं माझ्या दातांत तीन भाषा बोलायची. फक्त जगानं माझ्या दातांतून ऐकायचं कबूल केलं नव्हतं, ही बारीकशी अडचण माझ्या लक्षात आली नाही.

मी लोकांना पकडून सांगू लागलो. चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर, मालधक्क्यावर. "तारेत काही नसतं, सगळं लाकडात असतं." ट्रकवाले पंजाबी, हमाल छत्तीसगढी, मारवाडी शेठ, सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या हिंदीत ऐकवलं. एक हमाल म्हणाला, "भैया, हमर खांध बर तो सब्बो लकड़ी एके जइसन हे." त्याच्या खांद्याला सगळी लाकडं सारखीच. मला त्याच्या खांद्याची कीव आली. टेकराम ऐकत असायचा आणि कथिल वितळवत असायचा.

वाजवायचा मात्र तो. हे सांगायचं राहिलंच. मी वाजवलं की कांडी तारेवर कुत्र्याच्या नखांसारखी खरखरायची. दुकान बंद केल्यावर तो पट्टी मांडीवर घेऊन बसायचा आणि हलक्या हातानं सूर ओढायचा, कोणाच्या तरी कपाळावरून हात फिरवावा तसा. मी बाजूला बसून सांगायचो, "बघ, शिवणानं कमाल केली." तो म्हणायचा, "हो."

आता मुद्द्याचं. मला लीला हवी होती. हे इतक्या उघड मी तेव्हा कोणाला म्हटलं नव्हतं, म्हणायची रीतही नव्हती. अर्जुनी मोरगावकडची, मोठ्या कास्तकाराची भाची. आईवडील नव्हते, मामांनीच वाढवलेली. आदल्या उन्हाळ्यात एका लग्नात पंगतीत वाढताना तिनं माझ्या पानात वरण ओतलं, मी म्हणत राहिलो, "पुरे, पुरे," आणि वरण पानाबाहेर वाहून माझ्या धोतरात येईपर्यंत ती ओतत राहिली. मग म्हणाली, "पुरे म्हनाचं तर हात आडवा घालाव लागते. नुसतं बोलून काय होते?" मी त्या ओल्या धोतरासकट प्रेमात पडलो. बाबूजींकडे निरोप गेले-आले, आणि ठरलं की आमच्या गावच्या मंडईला मामा भाचीला घेऊन येतील. पसंत पडलं तर तिथेच सुपारी फुटेल.

मग काय, मी सगळा बेत गिटारवर रचला. टेकरामनं दुकानातलं बॅटरीवर चालणारं ॲम्प्लिफायर आणलं, भोंगा आणला. मंडईच्या पंचांना तो घोषणांसाठी हवाच होता. भोंगा आमच्या घरासमोरच्या चिंचेवर चढवला, मशीन आमच्या छपरीत, म्हणजे ओसरीवर, ठेवलं, म्हणजे पंचांनी माइक तिथे येऊन वापरायचा आणि मधल्या वेळात मी माझी कला दाखवायची. भोंगा पत्र्याचा होता. त्यातून काहीही गेलं तरी पत्रा होऊनच बाहेर पडायचं, मग ते सागवान असो की सरपंच.

त्या दिवशीचं ऊन आठवतं. कापलेल्या बांध्यांतून माणसांच्या रांगा येत होत्या. धानाचे खुंट अनवाणी पायांत बोचायचे, त्यामुळे दुरून सगळे नाचतच येत आहेत असं वाटायचं. पलीकडे बैलांच्या शर्यतीचा पट लागला होता. जोड्या सुटायच्या, हाकणारा तुतारीचा, म्हणजे हाकायच्या काठीचा, खिळा बैलाच्या पुठ्ठ्यात टोचायचा, आणि लोक आनंदानं ओरडायचे. जिंकलेल्या बैलाच्या मागच्या पायावरून रक्ताचा बारीक ओघळ आलेला होता आणि त्याच्या कपाळाला गुलाल. पाहुण्यांचं कौतुक करायची आमची हीच तऱ्हा. थोडं टोचायचं आणि वर गुलाल लावायचा.

मामा आले. जाड मिश्या, पांढरा फेटा, हातात काठी. छपरीत बसले, बाबूजींशी पावसापाण्याचं बोलले. लीला बायांबरोबर आत गेली. दाराआड तिच्या लुगड्याचा हिरवा काठ तेवढा दिसत होता. मामांनी शिवणाची फळी उचलली, उलटसुलट केली, बैलाच्या तोंडात बोट घालून दात पाहावेत तशी बोटानं ठोकली आणि नाकाशी नेली.

"हे डोनीचं लाकूड आहे का गा?"

"हो मामाजी, पण..."

"मंग बैल काह्यात खातेत?"

बाबूजी खोकले. मी संधी साधली. "मामाजी, प्रश्न लाकडाचाच आहे. लोकांना वाटतं आवाज तारेतून येतो. तार फक्त हाक मारते. ओ देतं ते लाकूड. सागवानाचा आवाज वेगळा, बिजाचा वेगळा, शिवणाचा तर..."

मी बराच वेळ बोललो. हात आडवा घालणारं कोणी नव्हतं.

आतून आवाज आला. पंगतीतला तोच आवाज. "मामा, त्यायले इचारा, न पाहता ओरखाल का?"

छपरीतल्या पाहुण्यांत खसखस पिकली. मामांच्या मिश्या हलल्या. "पोरगी म्हनून रायली, न पाहता ओरखून दाखवा. जमंल का?"

"दोन्ही डोळे बांधा," मी म्हणालो. असं वाक्य माणूस आयुष्यात एकदाच इतक्या आनंदानं बोलतो.

डोळे बांधायची गरज पडली नाही. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. त्याआधी आतून एक बाई आली, म्हणाली, "बायांले फळ्या पाह्याच्या आहेत," आणि तिन्ही फळ्या घेऊन गेली. मी म्हटलं, पाहू द्या, गुणांची पारख सगळ्यांनाच असावी. माझ्यासमोर नुकती सारवलेली भिंत होती, तिच्यावर दिवाळीला काढलेला गेरूचा मोर, आणि मोराच्या पोटावर एक पाल. पाठीमागे टेकरामचा आवाज, "पहिली द्या." मग स्क्रू पिळल्याचा चिर्र चिर्र आवाज. चार वेळा. मग सूर.

तो काय वाजवत होता मला आठवत नाही. संथ होतं.  मी डोळे मिटले, कान टवकारले आणि म्हणालो, "सागवान. अगदी स्पष्ट. आवाजात तेल आहे. खालचा सूर पोटातून येतोय बघा. जुनं दार उघडावं तसा."

मागे मामांची काठी जमिनीवर टकटकली. मी ते कौतुक समजलो.

"दुसरी द्या," टेकराम. चिर्र चिर्र. सूर.

"बिजा! ह्याला कान नको, नुसतं काळीज हवं. ताठ आहे, पोलादी आहे. माणूस असता तर फौजेत असता."

बाहेरून हसण्याची एक लाट आली. मला वाटलं, पटात कोणी पडलं असेल. दर वर्षी कोणी तरी पडतंच.

"तिसरी." चिर्र चिर्र. ह्या वेळी त्यानं जे वाजवलं त्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. "शिवण," मी म्हणालो, आणि माझा आवाज कापरा झाला. "हलकी. उघडी. हिच्यात काही लपत नाही. मामाजी, प्रामाणिक घरात वाढलेल्या मुलीसारखा हा आवाज आहे."

आता बाहेरची लाट थांबेना. मी वळलो.

टेकराम जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याच्या दोन गुडघ्यांवर दुपट्याची घडी होती आणि घडीवर ती नुसती लोखंडी पट्टी. खाली फळी नव्हती. कुठलीच नव्हती. स्क्रू त्याच्या शेजारी एका वाटीत होते आणि तो पेचकस वाटीच्या काठावर घासून चिर्र चिर्र करत होता. आणि माझ्या पायाशी, घोषणांचा माइक, चालू. चिंचेवरच्या भोंग्यातून सागवानाच्या तेलापासून प्रामाणिक घरातल्या मुलीपर्यंत सगळं अख्ख्या मंडईनं ऐकलं होतं. जिलेबीवाल्यानं झारा खाली ठेवला होता म्हणतात. पटाची एक जोडी उशिरा सुटली म्हणतात.

"टेकराम, लेका, तू?"

"तिनं सांगतलं," तो म्हणाला. त्याच्या मानानं हे लांबलचक भाषण होतं.

इथे मला जरा थांबू द्या, कारण ह्यापुढचं सगळे जण हसत सांगतात आणि त्यात एक गोष्ट सुटते. मी खोटं बोलत नव्हतो. मला तिन्ही वेळा वेगळं ऐकू आलं होतं. तेल ऐकू आलं, पोलाद ऐकू आलं, शेवटी तर रडू आलं. लबाड माणूस पकडला गेला की मनातून तरी हसू शकतो. माझ्याजवळ तेवढीही सोय नव्हती. जिभेनं जे आधी कबूल केलं होतं ते कानानं इमानेइतबारे आणून दिलं. पुढे पुष्कळ वर्षांनी, एकट्यानं, दार लावून मी पुन्हा फळ्या बदलून पाहिल्या. चुंबक बहिरं असतं. त्याला लाकूड कळत नाही, त्याला फक्त हलणारी तार कळते. लाकडाचं म्हणणं एवढंच, की छेडलेली तार लवकर मरू द्यायची की जरा सावकाश. बिजावर ती थोडी जास्त जगते, मिठानं पोखरलेल्या शिवणावर लवकर जाते. तेवढाच काय तो फरक. तोही कोणी भिंतीकडे तोंड करून बसवलं तर मी शपथेवर सांगणार नाही.

पण त्या दुपारी इतका विचार कोण करतंय? मी गेरूच्या मोराला पाठ लावून बसलो होतो. पाल केव्हाच निघून गेली होती. तिला लाज असावी.

लीला बाहेर आली. तिन्ही फळ्या कवेत धरून, लाकडाची मोळी आणावी तशी. माझ्यापुढे ठेवल्या. मला वाटलं, आता काही तरी टोचणारं बोलेल, आणि खरं सांगतो, त्याची मी वाटच पाहत होतो; टोचली असती तर निदान तिनं माझ्याकडे पाहिलं असतं.  ती पाहत होती टेकरामच्या हातांकडे. त्या डागण्या पडलेल्या, काळ्या बोटांकडे. त्यानं ती दुपट्याखाली लपवली, तरी ती पाहतच राहिली.

मामांनी हे पाहिलं. ज्या माणसानं बैल, जमिनी आणि जावई पारखण्यात आयुष्य घातलं त्याला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. त्यांनी काठी बाजूला ठेवली, सतरंजीवर सरकून जागा केली आणि म्हणाले, "या गा, इथं बसा. तुमी कोनाचे?"

टेकरामनं मांडीवरची पट्टी खाली ठेवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबूजींकडे.

बाबूजी सरळ माणूस. गावात त्यांना दोन तऱ्हेनं बोलता यायचं नाही. ते माझ्याकडे एकदा पाहून घेऊन म्हणाले, "माह्या साडूचा पोरगा आहे. गोंदियाले रेडिओच्या दुकानात."

"वागनूक?"

"सोन्यासारखी."

"लगन?"

बाबूजींनी उत्तर द्यायला जो वेळ घेतला तो त्यांनी माझ्यासाठी घेतला, एवढं त्यांचं ऋण आहे. मग म्हणाले, "नाई झालं अजून." आणि लगेच माझ्याकडे वळून, जरा मोठ्यानं, "अरे, पाव्हन्यायसाठी पान घेऊन ये."

मी उठलो. चप्पल सापडेना, तसाच निघालो. बांध्यांतले खुंट पायांत बोचत होते. मंडईत लोक माझ्याकडे पाहत होते की नाही ते मी पाहिलं नाही. पानवाला नवखा होता, बाहेरगावचा. त्यानं मला ओळखलं नाही. तो मान वर करून चिंचेकडे कान लावून बसला होता.

माइक कोणी बंद केलाच नव्हता.

भोंग्यातून मामांचा आवाज येत होता, शेती कुठल्या तलावाखाली आहे, घरात माणसं किती, देणंघेणं रीतीप्रमाणे. मध्ये मध्ये बाबूजी, हो, हो, नाही, तसं काही नाही. मग बायांचा गलका. मग कोणी तरी म्हणालं, "गूळ आना."

"तो लाकूडवाला पोट्टा कोन होता गा?" पानवाल्यानं चुना लावता लावता विचारलं.

"असंल कोनी," मी म्हणालो.

"लय हासवलं बाप्पा. पोट दुखून रायलं माहं." तो पुन्हा भोंग्याकडे कान देऊन थांबला, मग समाधानानं मान हलवली. "जमलं वाटते तिकडं. गोड बांधू का पानं?"

"गोडच बांधा," मी म्हणालो.